मधोमध ठेवलेलं बाक

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असतोच. जमिनी मोजणाऱ्या बाईने गोड बोलत बसायचं ठरवलं, तर दोन्ही बाजूंचे शेजारी मिळून तिला टेपसकट विहिरीत ढकलतील. ऑफिसात मला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. आता तोंडावरच म्हणतात. मला चालतं.

तेव्हा त्या दिवशी सकाळी दफनभूमीच्या फाटकातच मी मुकादमाला फैलावर घेतलं, यात नवल काही नव्हतं. रस्ता रुंद होणार होता आणि दफनभूमीचा खालचा अर्धा भाग त्यात जाणार होता. ज्यांना आपली माणसं नेमकी कुठे आहेत ते दाखवता येईल, त्यांना शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत स्वतंत्र जागा मिळणार. ज्यांचा पत्ता लागणार नाही, ते सगळे एकाच मोठ्या खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी मशीन आमच्या रांगेवर येणार होतं.

“आणखी थोडे दिवस द्या,” मी म्हटलं.

“बाई, मला वरून हुकूम आहे.”

“वरून म्हणजे कुठून? आभाळातून?”

तो हसला नाही. वाईट माणूस नव्हता, झोप न झालेला माणूस होता. “आज संध्याकाळपर्यंत दाखवा,” म्हणाला, “तोवर मी थांबतो.”

माझ्या मागे आई घडीच्या खुर्चीवर बसली होती. ऐंशी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले, पण यायचं म्हणजे यायचंच. गेले काही दिवस तिने एकच धोशा लावला होता. “दोघांना एका जागी ठेव. मग मी डोळे मिटायला मोकळी.”

दोघं म्हणजे माझे भाऊ. मी त्यांना पाहिलेलं नाही. मोठा सहा वर्षांचा होता, बोलघेवडा. धाकटा अजून पालथाही पडत नव्हता. तापाची साथ आली आणि एकाच आठवड्यात दोघंही गेले. आधी मोठा. मधल्या काळात इतर घरांतलीही पोरं गेली, ती रांग भरली आणि धाकट्याला जागा मिळाली ती पलीकडच्या रांगेत, पार त्या टोकाला. मी त्यानंतर जन्मले. आमच्या घरात मोठा म्हणजे तो आणि धाकटा म्हणजे तो, त्यामुळे मला काय म्हणायचं हे कुणाला कधी सुचलंच नाही. मी आपली ‘ही’. हिला वाढ, हिला आवर, हिला शाळेत सोड.

बाबा गवंडी होते. आई दर आठवड्याला दफनभूमीत जायची आणि तिथे तिची नुसती तारांबळ उडायची. मोठ्यापाशी बसली की तिला वाटायचं, तिकडे धाकटा रडत असेल. धाकट्याकडे गेली की वाटायचं, मोठा म्हणत असेल, आली आणि लगेच निघाली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाबांना ते बघवेना. एक दिवस ते घरून दोरी घेऊन गेले. दोन्ही दगडांमध्ये ती ताणली, मग दुमडून बरोबर अर्ध्यावर गाठ मारली, पुन्हा ताणली आणि गाठ जिथे आली तिथे एक दगडी बाक बसवलं. “इथे बस,” आईला म्हणाले. “कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.”

हे मी लहानपणापासून ऐकत आले. बाबांचं काम म्हणजे काम, तसूभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते दफनभूमीच्या वरच्या भागात आहेत, तिकडे रस्ता जात नाही.

अडचण धाकट्याची होती. मोठ्याचा दगड बाबांनी नंतर स्वतः सिमेंटमध्ये पक्का केला होता, तो जागचा हललेला नव्हता. धाकट्याच्या वेळी बाबा स्वतःच तापाने फणफणले होते. कुणीतरी एक छोटासा दगड ठेवला होता, तेवढाच. नंतर कधीतरी सफाईवाल्यांनी असे सगळे सुटे दगड गोळा करून भिंतीकडेला रचून टाकले. गुडघ्यांमुळे आईचं जाणं कधीच थांबलं होतं. आता तर झाडंझुडपं साफ केल्यामुळे सगळीकडे नुसती उघडी माती दिसत होती. “इथेच कुठेतरी,” आई म्हणाली आणि तिचा हात अर्ध्या मैदानावरून फिरला.

पण मला त्याची काळजी नव्हती. एक टोक माझ्याकडे होतं, मध्य माझ्याकडे होता. दुसरं टोक जाणार कुठे? मोठ्यापासून बाकापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच त्याच दिशेने पुढे जायचं की धाकटा. शाळेतल्या पोरालाही येईल.

फक्त सरळ टेप टाकता येत नव्हता. बाकाच्या पलीकडेच रस्तेवाल्यांनी पत्र्याची खोली उभी केली होती, आत सिमेंटची पोती. म्हणून मी भिंतींवरून मोजलं. एका बाजूला जुनी कुंपणभिंत होती आणि तिला काटकोनात वरची भिंत. मोठा कुंपणभिंतीपासून चार मीटर, बाक आठ मीटर. म्हणजे बाक मोठ्यापासून चारने पुढे, आणखी चार पुढे गेलं की बारा. वरच्या भिंतीपासून मोठा नऊ, बाक अकरा, म्हणजे दोनने पुढे, आणखी दोन की तेरा. कुंपणभिंतीपासून बारा आणि वरच्या भिंतीपासून तेरा मीटर. जागा मोकळी होती. मी खुंटी ठोकली आणि खणणाऱ्याला हाक मारली.

त्याला सगळे मामा म्हणत. त्याच्या आधी त्याचे वडीलही तिथे हेच काम करायचे. मामाने चप्पल काढून ठेवली, फावडं चालवलं आणि खाली गेल्यावर फावडं टाकून खुरपं घेतलं.

आई खुर्ची पुढे सरकवत सरकवत खड्ड्याच्या काठापर्यंत आली होती. मी ओरडले, “मागे हो, पडशील.” ती हलली नाही.

थोड्या वेळाने मामा थांबला. वर बघून म्हणाला, “ताई, ही माती हललेली नाही.”

मी वाकून पाहिलं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, थरावर थर, एकही थर तुटलेला नाही. तिथे कधी कुणी खणलंच नव्हतं.

“रुंद कर,” मी म्हटलं. त्याने रुंद केलं. तिकडेही तसंच.

मग माझं डोकं फिरलं. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. टेप तपासला. भिंत वाकडी आहे का ते बघितलं. मामाला विनाकारण झापलं, मग पत्र्याच्या खोलीला शिव्या घातल्या. आणि शेवटी, काही उरलं नाही तेव्हा, म्हणून गेले, “बाबांनीच दोरी नीट ताणली नसेल!”

“त्यांना काही बोलू नकोस,” आई म्हणाली.

“मग कुणाला बोलू?”

“मला बोल.” तिने पदर तोंडापाशी धरला. “बाक मी हलवलंय.”

मला आधी कळलंच नाही. एवढं मोठं दगडी बाक, हिने हलवलं?

“हे गेल्यावर,” आई म्हणाली. “याच्या वडिलांना सांगितलं मी.” तिने मामाकडे बोट दाखवलं. “त्यांनी दोन माणसं घेऊन सरकवलं. मोठ्याकडे.”

“का?”

“मोठा बोलायचा गं. दारातून आत आला की आधी हाक मारायचा, मग चप्पल काढायचा. मला सगळं आठवतं त्याचं. दात पडलेला, तो कौलावर टाकायचा म्हणून हटून बसलेला... धाकट्याचं काय आठवू? तोंडसुद्धा येत नाही डोळ्यांपुढे. नुसतं वजन आठवतं मांडीवरचं.” तिने मांडीवरून हात फिरवला. “हे होते तोवर बसले मधोमध. हे गेले आणि मला नाही बसवलं तिथे. मोठ्याजवळ जावंसं वाटायचं. गेले.”

मामा खड्ड्यात उभा होता, खुरप्याची माती झटकत.

मी शहाणी असते तर गप्प बसले असते. पण माझ्या पोटात इतक्या वर्षांचं साठलेलं होतं आणि ते नेमकं तिथे बाहेर पडलं. “आणि मी गं?” मी म्हटलं. “मला कुठे ठेवलंस? त्या दोघांमध्ये तू जागा मोजत बसलीस. माझ्यापासून किती लांब होतीस ते कधी मोजलंस?”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “तू घरीच होतीस की,” ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला आणि पाठ फिरवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आईला आणि मामाला दाखवायचं नव्हतं.

“किती सरकवलं?” मी पाठमोरीच विचारलं.

“थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे?”

“थोडंसं म्हणजे थोडंसं! मी काय तुझ्यासारखी टेप घेऊन फिरते?”

आमच्या धंद्यात ‘थोडंसं’ हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. त्यातून इथे तर तो दुप्पट घातक होता. मध्य एक हात सरकला की टोक दोन हात सरकतं. आई मोठ्याकडे जेवढी सरकली होती, त्याच्या दुपटीने मी धाकट्याला जवळ ओढून बसले होते आणि कुणीही नसलेल्या जागी खड्डा खणत होते.

पण बाबा माझेही बाप होते. त्यांनी आयुष्यात कधी कच्च्या मातीवर दगड बसवला नाही. बाकाच्या दोन पायांखाली त्यांनी पाया भरला असणारच, विटांचे तुकडे आणि चुना. मामाच्या वडिलांनी बाक उचलून नेलं असेल, पाया कोण कशाला उचलतोय! मी पहार घेतली. आधी आत्ताच्या बाकाच्या पायापाशी मारली. मऊ माती, पहार सरळ आत. मग मोठा आणि बाक यांच्या सरळ रेषेत, मोठ्यापासून लांब, एकेक वीत पुढे सरकत पहार मारत गेले. मामाही आला. पत्र्याच्या खोलीच्या अगदी कडेला पहार ठणकली.

माती बाजूला केली. पांढुरका चुना, त्यात विटांचे तुकडे दाबून बसवलेले, वरून थापीने सारखं केलेलं. शेजारी दुसरा तसाच. मी गुडघ्यांवर बसले आणि त्या पायावर हात ठेवला. बाबांच्या थापीचा काठ त्यात अजून दिसत होता.

“मिळालं?” आईने लांबून विचारलं.

“मध्य मिळाला,” मी ओरडून सांगितलं.

मोजलं. कुंपणभिंतीपासून दहा, वरच्या भिंतीपासून बारा. आता मोठ्याचे आकडे चार आणि नऊ. चारवरून दहा, म्हणजे सहाने पुढे, आणखी सहा की सोळा. नऊवरून बारा, म्हणजे तीनने पुढे, आणखी तीन की पंधरा.

सोळा आणि पंधरा.

मी खोलीला वळसा घालून पलीकडे गेले. कुंपणभिंतीपासून चौदा मीटरवर जमीन संपत होती. पुढे खोदलेला चर होता, माझ्या उंचीएवढा खोल, नव्या रस्त्याच्या गटारासाठी. मशीनच्या दातांचे ओरखडे त्याच्या बाजूंवर सरळ उमटले होते. सोळा मीटर म्हणजे त्या चराच्या आत, हवेत.

मामा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला आकडे सांगावे लागले नाहीत. “ही पट्टी आधी घेतली,” तो हळूच म्हणाला. “दगड नव्हते ना इथे. मोकळी जागा म्हणून.” मग आणखी हळू म्हणाला, “ताई, मी अलीकडे थोडं खणतो. ओंजळभर माती डब्यात घालू. म्हातारीला काय कळणार आहे?”

मी क्षणभर हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. ऐंशी ओलांडलेली बाई, तिची एवढीशी इच्छा, आणि मूठभर मातीने ती पुरी होणार. आम्ही मागे वळलो. आई काठी टेकत आमच्याकडेच येत होती, खुर्ची तिथेच टाकून.

“किती आलं?” तिने विचारलं.

“सोळा आणि पंधरा,” मी म्हटलं. आकडा तोंडातून निघून गेला. दुसरा आकडा सांगायची जिभेला सवयच नाही.

ती गवंड्याची बायको होती. भिंतीकडे बघत नजरेने अंदाज घेत गेली, खोलीला वळसा घातला आणि तिची नजर चरापाशी येऊन थांबली. मला वाटलं, आता कोसळते. मी तिचा दंड धरला. ती कोसळली नाही. फक्त म्हणाली, “उघड्यावर पडला का गं तो?”

“नाही, आजी,” मामा घाईघाईने म्हणाला. “या पट्टीची माती मी कुठे टाकू दिली नाही. मुकादमांशी भांडलो. लहान मुलांचं वेगळं काही हाताला लागत नाही, सगळं मातीतच असतं, म्हणून सगळी माती गाड्यांनी नव्या जागेत नेली. मोठा खड्डा आहे ना, तिथे. तिथे आहे तो.”

आईने मान हलवली. मग तिथेच, चराच्या काठावर, ती बराच वेळ उभी राहिली.

“मोठ्याला काढा,” ती शेवटी म्हणाली.

मामाने दुपारी मोठ्याला काढलं. अगदी जपून, खुरपं टाकून हातांनी. जे होतं ते एका लाकडी पेटीत मावलं. आईने बघितलं, पेटीचं झाकण स्वतः लावलं. मुकादमही आला होता, डोक्यावरची टोपी काढून उभा होता. “तुमची जागा वरच्या बाजूला आहे,” तो म्हणाला, “फाटकाजवळ. चांगली जागा आहे. दगड बसवता येईल.”

“ती जागा नको,” आई म्हणाली. “धाकटा जिथे आहे तिथे न्या याला.”

“त्या खड्ड्यात?” मुकादम गोंधळला. “आजी, ते बेवारशी... म्हणजे ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आहे. याचं तर सगळं ठाऊक आहे आपल्याला.”

मीही भडकले. “आई, वेड लागलंय का तुला? एक तरी हाती लागलाय! याचा दगड राहील, नाव राहील. तुला जाऊन बसता येईल. त्या खड्ड्यात टाकलास तर दोघंही गेले.”

“धाकटा एकटा आहे तिथे.”

“एकटा कुठे? पन्नास माणसं आहेत तिथे!”

“त्याच्या ओळखीचं कोण आहे त्यात?” आई म्हणाली.

मामाने पेटीवरचा हात काढला नाही.

“मी सरकले त्याच्यापासून,” आई म्हणाली. “सरकले नसते तर त्याची जागा कुणाला तरी ठाऊक राहिली असती. मोठ्याला खूप दिलं मी. आता मोठ्याने जायचं त्याच्याकडे.” मग ती माझ्याकडे वळली आणि एकदम साध्या आवाजात, भाजी आण म्हणावं तसं म्हणाली, “तू ने मला. तुझं ऐकतात सगळे.”

नव्या जागेपर्यंत आई गाडीत पुढे बसली आणि पेटी मांडीवर घेतली. मी मागे ठेवते म्हटलं तर ऐकेना. वाटेत रस्ता खराब होता. खड्डा आला की ती पेटीवर दोन्ही हात दाबून धरायची. एकदा मी तिच्याकडे बघितलं तर ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं नाही, ते माझ्याशी नव्हतं.

मोठा खड्डा अजून बुजवलेला नव्हता. आमच्याकडची काळी आणि पिवळी माती त्यात एकात एक मिसळून गेली होती. कुठली कुणाची हे कोणत्याही टेपने सांगता आलं नसतं. मामा शिडीने खाली उतरला, एका कडेला माती बाजूला केली, वर बघून हात पुढे केले. आईने पेटी मला दिली आणि मी ती त्याच्या हातात दिली. हलकी होती. सहा वर्षांचा, बोलघेवडा, दात पडलेला माझा भाऊ, आणि मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. इतकी वर्षं मी त्या दोघांचा नुसता हेवा केला. त्या क्षणी मला हुंदका आवरेना.

मामाने पेटीवर माती ओढली. आई माझ्या हाताचा आधार घेऊन काठाशी वाकली. कामावर जाताना दारातून सांगावं, तशा आवाजात तिने खाली सांगितलं.

“मोठ्या, धाकट्याला सांभाळ हं. रडला तर घे त्याला. मी येतेच.”